धागा: ड्रायव्हर नसलेल्या गाडीत तुम्ही बसाल का?

रामबागकर

मंडळी, मुलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन आलो. तिथे वेमो कंपनीच्या पांढऱ्या जॅग्वार टॅक्सी पुढची सीट रिकामी ठेवून फिरतात आणि स्टीअरिंग आपलं आपण वळत असतं. मी हौसेने बसलो. सौ.ने साफ नकार दिला आणि दुसरी टॅक्सी करून मागून आली. तो टॅक्सीवाला सगळा रस्ता फोनवर बोलत होता, ते मात्र तिला चाललं.

इकडे इंदूरला परत आल्यावर रामबागेतल्या कट्ट्यावर विषय काढला. ‘मी बसेन’ असं एकानेही म्हटलं नाही. यातले निम्मे जण हेल्मेट हँडलला अडकवून फिरणारे आहेत, हे सांगायला हवं. पण अमेरिकेतही निराळं चित्र नाही. तिथल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेच्या २०२५ च्या पाहणीत ६१ टक्के लोकांनी अशा गाडीची भीती वाटते असं सांगितलं, विश्वास आहे म्हणणारे फक्त १३ टक्के.

तंत्रज्ञानवाले म्हणतात, लोक अडाणी आहेत, सवय झाली की घाबरणार नाहीत. मला हे पटत नाही. मार्च २०१८ मध्ये ॲरिझोनातल्या टेम्पी गावात उबरच्या चाचणीच्या गाडीने रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या बाईंना उडवलं. त्यावरचा तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल शोधून वाचा. धडकेच्या ५.६ सेकंद आधी गाडीच्या यंत्रणेने त्या बाईंना ‘टिपलं’ होतं. मग यंत्रणा ठरवत बसली: ही गाडी आहे, की सायकल, की आणखी काही? दर वेळी मत बदललं की आधीचा माग पुसून हिशेब नव्याने सुरू. झेब्रा क्रॉसिंग सोडून कोणी रस्ता ओलांडेल ही शक्यता त्यात धरलेलीच नव्हती. शेवटच्या सव्वा सेकंदात धोका कळला, तेव्हाही उगाच ब्रेक लागू नये म्हणून घातलेला एक सेकंदाचा थांबा मध्ये आला. व्हॉल्वोची स्वतःची आपत्कालीन ब्रेक यंत्रणा संगणक चालवत असताना बंद ठेवलेली होती.

आणि पुढे? कंपनीवर फौजदारी खटला उभा राहिला नाही. सीटवर देखरेखीला बसवलेली बाई फोनवर कार्यक्रम बघत होती, तिने २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला आणि तिला ३ वर्षं देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. चूक तिची होतीच. पण तो थांबा तिने लिहिला नव्हता, व्हॉल्वोचे ब्रेकही तिने बंद केले नव्हते.

माझी शंका इथली आहे: चूक यंत्राची असली तर जबाबदार कोण? तुमची मतं सांगा.

सराफा_रात्री_दोनला

इंदौरात आणा हो काका, आणाच. पलासियाला सिग्नल हिरवा झाला की गाडी विचारेल, समोरून उलट्या बाजूने येणारी ई-रिक्षा म्हणजे वाहन की दैवी संकट? रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीपर्यंत तिथेच उभी राहील.

आपल्याकडे २०१७ साली बर्फानी धाम चौकात ट्रॅफिक सांभाळायला चौदा फुटी रोबोट बसवला होता, आठवतोय का कोणाला? लोक सिग्नल सोडून त्याच्याबरोबर सेल्फी काढत होते.

चाकजॅम

पीथमपूरला गाड्यांच्या चाचण्यांच्या कामात आहे, म्हणून थोडं लांब लिहितो.

आधी एक घोळ दूर करू. ‘सेल्फ ड्रायव्हिंग’ म्हणून सगळं एकाच टोपलीत टाकतात. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने ० ते ५ अशा पायऱ्या ठरवल्या आहेत. आपल्या शोरूममध्ये ‘एडास’ म्हणून जे विकतात ते लेव्हल २ : गाडी लेनमध्ये राहते, पुढच्यापासून अंतर ठेवते, गरज पडली तर ब्रेक मारते, पण ड्रायव्हर तुम्ही आणि जबाबदारीही तुमची. टेस्लाचं ऑटोपायलटही याच पायरीवरचं. काका बसले ती वेमो लेव्हल ४ ची. ठरलेल्या हद्दीत गाडी पूर्ण काम सांभाळते, माणसाची वाट बघत नाही.

माझ्या मते सगळ्यात धोक्याची जागा मधली आहे. २०१६ मध्ये फ्लोरिडात ऑटोपायलटवर चाललेली टेस्ला आडव्या आलेल्या ट्रेलरखाली घुसली. उजळ आकाशापुढे ट्रेलरची पांढरी बाजू ना गाडीला ओळखू आली, ना ड्रायव्हरला. माणसाला ‘काही करू नकोस, पण लक्ष ठेव’ असं सांगितलं की त्याचं लक्ष उडतं. हा माणसाचा स्वभाव आहे, त्याला दंड करून तो बदलत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाला याच कारणाने २० लाखांहून जास्त गाड्यांच्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती जाहीर करावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये मायामीच्या ज्युरीने २०१९ च्या एका अपघातात ३३ टक्के दोष टेस्लाचा धरला आणि सुमारे २४ कोटी ३० लाख डॉलर तिच्यावर बसवले. बाकीचा दोष ड्रायव्हरचा.

माझ्या स्वतःच्या गाडीत एडास आहे. बायपासवर चांगलं चालतं. शहरात शिरलो की पहिलं बटण तेच बंद करतो. कारण सांगतो. ती पुढच्या गाडीशी सुरक्षित अंतर राखते. आपल्याकडे तेवढी मोकळी जागा दिसली की ते आमंत्रणच असतं, ॲक्टिव्हावाला घुसतोच. गाडी ब्रेक मारते, पुन्हा अंतर करते, दुसरा घुसतो. मागचा बसवाला हॉर्नवरून उठत नाही आणि एक दिवस तो डिकीत येणार.

लष्करवाला

ग्वाल्हेरहून रामराम. काका, तुमची शंका बरोबर, पण आमच्या घरातली शंका दुसरी आहे. वडील आणि दोन चुलते तिघेही ट्रकवर. नितीन गडकरींनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या आयआयएममध्ये स्पष्ट सांगितलं होतं की ड्रायव्हर नसलेल्या गाड्या भारतात येऊ देणार नाही, ७०-८० लाख लोकांचा रोजगार जाईल. मंत्रीच नको म्हणतात, मग आपण कशावर भांडतोय?

चाकजॅम

मंत्र्यांचं विधान म्हणजे कायदा नाही, भाऊ. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम २ख आलं. नवं तंत्रज्ञान, संशोधन यासाठी ठरावीक वाहनांना सूट देता येते. चाचणीची खिडकी उघडी आहे. आणि आपल्या शेजारी भोपाळमध्ये स्वायत्त रोबोट्स कंपनी बोलेरो गाडीला असली यंत्रणा बसवून चालवते आहे. २०२४ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ टाकला तेव्हा सगळ्यांनी पाहिला.

अपर्णा_क

मी या धाग्यावर वाचतच होते, पण लिहावंसं वाटलं. मला रेटिनाचा आजार आहे. संध्याकाळनंतर जवळजवळ दिसत नाही, दिवसा मधोमध थोडंसं. ऑफिस विजयनगरला. गाडी कधी चालवू शकणार नाही हे कॉलेजात असतानाच कळलं होतं. रात्री कॅब बोलावते तेव्हा ड्रायव्हर कोणता रस्ता घेतोय ते मला दिसत नाही, मोबाइलचा आवाज सांगतो तेवढंच. दोनदा मधल्या गल्लीत उतरवून दिलंय.

२०१५ मध्ये गुगलने ऑस्टिनमध्ये एका अंध गृहस्थांना एकटं बसवून गाडी फिरवली होती, सीटवर दुसरं कोणी नाही. ती बातमी मी पुन्हा पुन्हा ऐकली आहे. तुम्हा सगळ्यांना ‘बसाल का’ हा प्रश्न आहे. माझ्यासाठी प्रश्न ‘मला कधी बसता येईल’ असा आहे. भीती मलाही वाटते, पण माझ्या आजच्या प्रवासात भीती नाही असं कोणी समजू नका.

सराफा_रात्री_दोनला

ताई, तुमच्यासमोर माझे जोक मागे घेतले. पण एक शंका खरीच. ती गाडी तुम्हाला ऑफिसच्या दारात सोडेल की ‘इथे थांबायला परवानगी नाही’ म्हणून अर्धा किलोमीटर पुढे?

अपर्णा_क

हा खरा प्रश्न आहे, आणि तो गाड्या बनवणाऱ्यांनी कोणालाही विचारल्याचं दिसत नाही. दार कुठे आहे हे आज मला ड्रायव्हर सांगतो. चांगला असला तर हात धरून नेतो.

बडागणपती_कॉर्नर

माझा मुद्दा उलटा. सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्या एअरपोर्ट रोडवर कालानी नगरपासून बडा गणपतीपर्यंत नशेत असलेल्या ट्रक ड्रायव्हरने माणसं चिरडत नेली. आमच्या घरासमोरून. तो ट्रक माणूसच चालवत होता ना? सरकारी आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवाले. यंत्र दारू पीत नाही, झोपत नाही, बायकोशी भांडून निघत नाही. माणसाचा हा कारभार रोज बघूनही आपल्याला भीती मशीनची वाटते, हे मला कळत नाही.

स्विस रे या विमा कंपनीबरोबर केलेल्या २०२४ च्या अभ्यासात वेमोच्या २.५३ कोटी मैलांच्या प्रवासात मालमत्तेच्या नुकसानीचे दावे माणसांच्या तुलनेत ८८ टक्के कमी आणि जखमी होण्याचे दावे ९२ टक्के कमी निघाले. एवढा फरक असताना वाट कशाची बघायची?

रामबागकर

बडागणपती, त्या रात्रीचा राग मी समजू शकतो. पण आकडे जरा पुरवून वापरा. हा अभ्यास वेमोच्या स्वतःच्या सहभागाने झाला. गाड्या फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्को अशा आखलेल्या हद्दीत, इंच न् इंच नकाशा केलेल्या रस्त्यांवर चालल्या. निकाल चांगलाच आहे, मी स्वतः बसून आलोय, गाडी आपल्या बहुतेक भाच्या-पुतण्यांपेक्षा सभ्य चालवते. पण जीव जाण्याच्या प्रमाणाबद्दल बोलायचं तर अडीच कोटी मैल थोडे आहेत. रँड संस्थेने २०१६ मध्येच हिशेब मांडला होता: अमेरिकेत साधारण १० कोटी मैलांमागे एक मृत्यू होतो, त्यामुळे यंत्र माणसाइतकं तरी सुरक्षित आहे हे ९५ टक्के खात्रीने म्हणायला २७.५ कोटी मैल एकाही मृत्यूशिवाय चालवावे लागतील. १०० गाड्या रात्रंदिवस, ताशी २५ मैलांनी चालवल्या तरी साडेबारा वर्षं. आणि मध्येच सॉफ्टवेअर बदललं की जुने मैल किती धरायचे? मी आयुष्यभर लेखापरीक्षण केलं, असा ताळेबंद माझ्यापुढे आला असता तर शेरा मारूनच पुढे सरकवला असता.

चाकजॅम

काका बरोबर. आणखी एक. ते मैल तिथल्या रस्त्यांचे आहेत. कॅमेऱ्याला वस्तू ओळखायला शिकवतात ते हजारो चित्रं दाखवून, आणि युरोपातल्या रस्त्यांच्या चित्रसंचात ऑटोरिक्षा नावाचा प्रकारच नव्हता. म्हणून हैदराबादच्या ट्रिपल आयटीने भारतीय रस्त्यांचा वेगळा संच केला, हैदराबाद आणि बंगळूरच्या १०,००० चित्रांचा. त्यात ऑटो आहे, जनावरं आहेत, आणि एक मजेशीर गोष्ट : डांबर संपून माती लागते, पण वेळ आली तर गाडी जाऊ शकते, अशा पट्ट्यासाठीही स्वतंत्र खूण आहे. आपल्या निम्म्या राज्याचे रस्ते त्यातच बसतील.

आमच्या शेजारचा नॅट्रॅक्स या चाचणी केंद्राचा ट्रॅक ११.३ किलोमीटरचा आहे, वळणावर ताशी २५० किलोमीटरचा न्यूट्रल स्पीड, म्हणजे तेवढ्या वेगात गाडी बाजूला ओढली जात नाही. तिथे गाडीची ताकद तपासता येते. वरातीत नाचत मागे येणारा माणूस मात्र तिथे मिळत नाही.

आपल्याकडचं ड्रायव्हिंग म्हणजे सतत चाललेली बोलणी. चौकात गती थोडी कमी करून नजरेला नजर देतो, समोरचा मान हलवतो, आपण निघतो. हॉर्न म्हणजे शिवी असतेच असं नाही, बऱ्याचदा तो ‘मी आहे हं’ एवढंच सांगतो. रिकाम्या सीटकडे बघून समोरच्याने कशावर अंदाज बांधायचा? या विषयाला माझ्याकडे उत्तर नाही आणि ज्यांच्याकडे आहे म्हणतात त्यांच्या डेमोचा रस्ता मी आधी विचारतो.

सराफा_रात्री_दोनला

आणि गल्लीतली कुत्री? आमच्या गल्लीत तर त्यांची पालिकाच आहे.

बडागणपती_कॉर्नर

तिकडे मांजरावरून गाजलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात किटकॅट नावाचा दुकानातला लाडका बोका वेमोखाली गेला. लोकांनी फुलं वाहिली, राजकारणही झालं. माणसांच्या गाड्यांखाली रोज किती मांजरं जातात त्याची बातमी होत नाही. दुटप्पीपणा म्हणतो तो हाच.

वसुधा_दांडियाबाजार

वडोदऱ्याहून. मी मोटार अपघात दाव्यांचं काम करते, तेव्हा रामबागकर काकांच्या मूळ प्रश्नाकडे परत नेते.

आज आपल्याकडे अपघात झाला तर दोन वाटा असतात. पहिली फौजदारी: निष्काळजीपणाने मृत्यू, भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, ५ वर्षांपर्यंत कैद. आरोपी म्हणजे हाडामांसाचा ड्रायव्हर. दुसरी भरपाईची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात, मालक किंवा विमा कंपनीकडून. मोठी रक्कम हवी तर कलम १६६, आणि तिथे ‘ड्रायव्हरने बेफिकिरीने चालवली’ हे दाखवावं लागतं. साक्षीदार, पंचनामा, ब्रेकच्या खुणा, सगळं त्या एका माणसाभोवती फिरतं. तो माणूस काढून घेतला की माझ्या पक्षकाराने काय सिद्ध करायचं? प्रोग्रॅममधला थांबा? त्याची प्रत कोण देणार? २०१९ च्या ग्राहक कायद्यात उत्पादकाच्या जबाबदारीचं प्रकरण आहे, पण ते लिहिलंय ग्राहकाच्या बाजूने. रस्त्याने चालणाऱ्याने ती गाडी विकत घेतलेली नसते. कंपनीचा वकील पहिला आक्षेप हाच घेईल.

ब्रिटनने २०२४ च्या कायद्यात हे थेट हाताळलं. गाडी स्वतः चालत असताना सीटवरच्या माणसाला ड्रायव्हिंगच्या गुन्ह्यांतून सूट, आणि परवाना घेणारी कंपनी उत्तरदायी. सुरक्षेबाबत खोटी माहिती देणं किंवा दडवणं हा स्वतंत्र गुन्हा. हे शेवटचं का लागलं, तर अमेरिकेतल्या क्रूझ या बिनचालक टॅक्सीच्या कंपनीचं प्रकरण बघा.

रामबागकर

वसुधाताई, क्रूझचं तुम्ही काढलंत ते बरं झालं, मी त्यावरच येणार होतो. २ ऑक्टोबर २०२३, सॅन फ्रान्सिस्को. एका बाईंना आधी माणसाने चालवलेल्या गाडीने धडक दिली आणि त्या क्रूझच्या बिनचालकाच्या गाडीपुढे फेकल्या गेल्या. इथवर यंत्राचा दोष फार नाही. पण गाडी थांबली, आपल्याला बाजूने धक्का बसला असा तिने निष्कर्ष काढला, आणि नियमाप्रमाणे कडेला जायला निघाली. बाई खाली होत्या. २० फूट फरफटल्या.

याहून वाईट भाग नंतरचा. फरफटल्याची गोष्ट कंपनीने नियंत्रकांना धड सांगितलीच नाही. २४ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियाने परवाना थांबवला. पुढच्या वर्षी खोटा अहवाल दिल्याचं कंपनीने कबूल केलं आणि ५ लाख डॉलर दंड भरला. डिसेंबर २०२४ मध्ये क्रूझची मालक जनरल मोटर्सने रोबोटॅक्सीचा धंदाच गुंडाळला.

बडागणपती, लोकांचा दुटप्पीपणा तुम्हाला दिसतो, मला त्यात हिशेबीपणा दिसतो. एअरपोर्ट रोडच्या त्या ड्रायव्हरला लोकांनी पाहिलं, पोलिसांनी धरलं. इथे गाडीने काय पाहिलं, काय ठरवलं, याचा एकमेव साक्षीदार गाडीच आहे आणि तो साक्षीदार कंपनीच्या कपाटात बंद आहे. गाडी शंभर पट चांगली झाली तरी ही शंका तशीच राहील.

बडागणपती_कॉर्नर

हे मान्य. पण मग मागणी डेटाची करा, गाडीला विरोध कशाला? तुमच्या मागण्या पूर्ण होईपर्यंत जे मरतील त्यांचा हिशेब कोण देणार?

लष्करवाला

आणि ज्यांची नोकरी जाईल त्यांचा? वडील म्हणतात, आधी आम्हाला झोप द्या. महिनाभर घरी न जाता, पहाटे चार वाजता घाट उतरणाऱ्या माणसाला बेजबाबदार म्हणायचं आणि मग त्याच्या जागी मशीन आणायचं. ट्रकमध्ये झोप आल्यावर ओरडणारा कॅमेरा बसवला मालकाने. तासांची मर्यादा मात्र पाळत नाही. चांगलं तंत्रज्ञान असं अर्ध्यात का थांबतं?

चाकजॅम

लष्करवाला, यावर मी वेगळा धागा काढायला तयार आहे. मोठा विषय आहे.

वसुधाताईंना एक प्रश्न: समजा इंदूरच्या बायपासवर चाचणीच्या गाडीने उद्या कोणाला उडवलं. एफआयआर कोणावर?

वसुधा_दांडियाबाजार

आज? चाचणीला सीटवर जो माणूस बसवला असेल त्याच्यावर. टेम्पीसारखंच. ठाण्यातला तपास अधिकारी स्टीअरिंगमागे कोण होतं ते विचारेल आणि तिथेच थांबेल. म्हणून चाचणीची परवानगी देतानाच अट घाला: अपघाताआधीची आणि नंतरची सगळी नोंद, कॅमेऱ्यासकट, ठरलेल्या तासांत पोलिसांना आणि दाव्याच्या न्यायाधिकरणाला, कंपनीने निवडलेला तुकडा नको. आणि ती वाचू शकणारा तज्ज्ञ सरकारी खर्चाने, कारण माझ्या पक्षकारांपैकी बहुतेक जण फोटोकॉपीचे पैसेही उधार मागतात.

अपर्णा_क

ताई, हे अर्जाच्या स्वरूपात लिहून काढा, मी पहिली सही करते. त्यात एक ओळ माझीही घाला: चाचणीच्या वेळी न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसांना बसवून बघा, आणि रस्ता ओलांडायलाही लावा. पांढरी काठी घेऊन मधोमध थांबलेल्या माणसाला ती गाडी काय समजते, ते मला आधी कळायला हवं.